शरबत, शराब आणि भिवाआबांची गोळी

सरकारी कचेरीत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी कमी होत नाहीत. एक धूळ आणि दुसरे किस्से! आम्ही जुने सहकारी कुणाच्या लग्नात भेटलो की पंगतीतच सुरू होतं, "अरे, तो डॉक्टरचाचांचा सांग की!" म्हटलं, आज सांगूनच टाकावा. पण त्याआधीचे दोन-तीन ऐकल्याशिवाय त्याची गंमत यायची नाही.

निजाम गेला, पुढं आम्ही मुंबई राज्यात आलो आणि मागोमाग दारूबंदी आली. अफूची दुकानंही बंद झाली. आता दुकान बंद झालं म्हणून तलफ थोडीच बंद होते? सगळी गर्दी डॉक्टरांच्या दारात! कुणाला ताकदीसाठी ब्रँडी हवी, कुणाला खोकल्यासाठी अफूचा अर्क. मग वरून हुकूम सुटला, नशेची औषधं वाटणाऱ्या डॉक्टरांची चौकशी करा. दोषी ठरला की त्याचं नाव रजिस्टरातून कमी आणि दवाखान्याला कुलूप.

चौकशीला पुण्याहून साहेब आले. स्वतः डॉक्टर, मनानं सरळ, पण बोलणं फारच शुद्ध. मी त्यांचा कारकून. कागदावर आमचं गाव उस्मानाबाद आणि सगळ्यांच्या तोंडात धाराशिव. पहिले आठ दिवस साहेब ही दोन वेगळी गावं समजत होते!

*

साहेबांना 'आपण' म्हणायची सवय. आमच्याकडं 'आपण' म्हणजे तू आणि मी दोघं!

एका खेड्यात ब्रँडीचं परमिट असलेला पेशंट सापडला. साहेबांनी त्याला समोर बसवलं, चष्मा पुसला आणि अदबीनं विचारलं, "ही ब्रँडी आपण केव्हा घ्यायची?"

त्यानं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा वर उन्हाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आत्ता कुटं साहेब? जरा दिस तरी मावळू द्या की!"

*

माकणीच्या बाजूला एक डॉक्टर होता. त्यानं एकाच गावात अकरा जणांना 'अशक्तपणा'साठी ब्रँडी लिहून दिलेली. साहेब म्हणाले, गावात काहीतरी साथ आहे, स्वतः जाऊन बघू.

गेलो. अकराच्या अकरा पेशंट तालमीत! अंगाला माती फासून जोर मारत होते. त्यातल्या एकाचा दंड माझ्या मांडीएवढा. साहेब ओरडले, "हा अशक्त?"

डॉक्टरनं पैलवानाच्या पाठीवर थाप मारली. "साहेब, औषधाचा गुण बघा की!"

ह्या डॉक्टरला साहेबांनी कडक पत्र धाडलं. सरकारी भाषेत शेवटी लिहिलं होतं, 'आपणास समज देण्यात येत आहे.' आठ दिवसांत उत्तर आलं. 'समज मिळाली. आभारी आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच कमी आहे, तरी आणखी थोडी पाठवावी.'

साहेब रागानं लाल झाले. मी फाईल तोंडावर धरून बाहेर पळालो!

*

आता डॉक्टरचाचा. निजामाच्या वेळेपासूनचा धाराशिवातला त्यांचा दवाखाना. नाव बशीर, पण हिंदू असो, मुसलमान असो, सगळे डॉक्टरचाचाच म्हणत. अर्ध्या तालुक्याची नाडी त्यांच्या हातात. ते चिठ्ठ्या उर्दूत लिहीत, तेही एवढ्या घाईत, की अक्षरांवरची टिंबं देवाच्या भरवशावर सोडलेली!

त्यांच्या चिठ्ठ्यांचं मराठी साहेबांसमोर आलं आणि साहेब हादरलेच. प्रत्येक चिठ्ठीत 'शराब, दोन चमचे, तीन वेळा'. पेशंटचं वय दोन वर्षं! चाचांना बोलावणं गेलं.

"तान्ह्या मुलांना दारू पाजता?" साहेब खुर्चीतून उठलेच.

चाचांनी चिठ्ठी घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि पोट धरून हसायला लागले. "अहो साहेब, हे शरबत आहे! खोकल्याचं शरबत!" उर्दूत टिंबं गाळली की शरबत आणि शराब यांच्यात एका उभ्या रेघेचा काय तो फरक.

"पण ज्यानं हे वाचलं ना," चाचा डोळे पुसत म्हणाले, "त्या बिचाऱ्याला तेवढं परमिट देऊन टाका. लई तहान दिसते!"

ते भाषांतर माझं होतं.

चाचांना ते कळलं होतं. जाताना त्यांनी माझ्या खिशात खोकल्याच्या दोन गोळ्या टाकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

म्हणून पुढची तक्रार आली तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. कुणीतरी निनावी अर्ज केला होता, बशीर डॉक्टर तामलवाडीच्या भिवाआबांना रोज अफूची गोळी देतात. हे काही भाषांतर नव्हतं. अर्ज चक्क मराठीत!

चौकशीच्या दिवशी भिवाआबा स्वतः एसटीनं हजर. चाचांच्या बाजूनं साक्ष द्यायला! सत्तरीचे, पण ताठ. व्हरांड्यातच त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "दुकान बंद झालं तवा म्या मेलोच हुतो. चाचाच्या अफूनं वाचलो. अशी अफू निजामाच्या राज्यात बी न्हाय मिळाली!"

मी कपाळाला हात लावला. चाचांना कोपऱ्यात ओढलं. "चाचा, हे काय?"

"गोळीत अफू नाही," चाचा कानात म्हणाले. "आधी होती. दर महिन्याला थोडी कमी करत गेलो. आता दोन वर्षं झाली, नुसतं कडू काडेचिराईत आणि काळा गूळ. बस्स!"

"मग हेच सांगा की साहेबांना!"

"आबा समोर बसणार. त्यांना कळलं तर संध्याकाळपर्यंत हातपाय वळतील त्यांचे. पुन्हा अफू शोधत फिरतील."

"आणि दवाखान्याला कुलूप लागलं तर?"

"तर मी घरी जाऊन झोपीन मियाँ. ते नाही झोपायचे." आणि वर मला कसम घातली, तोंड उघडायचं नाही!

आत गेलो. एका बाजूला चाचा, समोर आबा. साहेबांनी विचारलं, "आपण यांना अफूची गोळी देता?"

"हौ, देतो," चाचा म्हणाले.

साहेबांनी मान खाली घातली आणि कागदावर 'दोष कबूल' असं लिहिलं. सही तेवढी राहिली होती. मला रडू यायच्या बेतात होतं. एका शब्दानं चाचा सुटत होते आणि त्याच शब्दावर त्यांची कसम होती.

तेवढ्यात आबा उठले. "साहेब, उगं कागद कशाला काळा करताय? आदी खाऊन तर बगा!" पटक्याच्या पदरातून डबी काढली आणि एक काळी गोळी साहेबांच्या पुढ्यात ठेवली. "चाचाच्या अफूला तोड न्हाय!"

साहेबांनी गोळी हुंगली. नखानं तुकडा काढला आणि जिभेवर ठेवला. तोंड कडू झालं. मग गूळ चघळावा तसं त्यांनी हळूहळू तोंड हलवलं, आणि थांबले.

त्यांनी चाचांकडं बघितलं. चाचा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा हात जोडून, मान पुढं काढून निकालाची वाट बघत होते.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. 'दोष कबूल'चा कागद चुरगाळून टोपलीत टाकला. मग दोन्ही हातांनी टेबल गच्च धरलं, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "पाणी आणा. लवकर!"

पाणी प्याले. खुर्चीत मागं रेलले.

"आबा," साहेबांनी एक डोळा उघडून विचारलं, "रोज किती घेता?"

"एक."

"अख्खी?" साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "अहो आबा, अर्धीच घेत जावा! लई कडक हाय!"