शाकारली म्हणून सांगितलेली खोप

आमच्या घरात एक गोष्ट कौतुकानं सांगतात: मी माझ्या विधवा काकीला मिरजेला नेऊन तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. आता नातवंडंही सांगतात. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली मी आजवर कुणाला सांगितली नाही.

आमच्या रानात एक खोप होती. प्लेगात गाव ओस पडलं तेव्हा आजोबांनी बाभळीच्या मेढी रोवून ती उभी केली. माझे वडील तिच्यातच जन्मले. पुढं चुलता वारला, तेव्हा वडिलांनी ती काकीला राहायला दिली. तिला मूलबाळ नव्हतं. कागद कसला केला नाही. दरसाल ऊस तुटला की घरच्या पुरुषांनी नव्या पाचटानं खोप शाकारायची, एवढाच रिवाज. शाकारली की आणखी एक वर्ष ती काकीची.

दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी नदीचं उपसा पाणी आमच्या रानात आलं. वडील गेले होते, कारभार माझ्याकडं होता. खोप नेमकी पाटाच्या तोंडाला, सगळ्यात चांगल्या जमिनीवर. काकीला गावातल्या घरी राहायला ये म्हटलं, तर ती हसली. तुझ्या बायकोच्या हाताखाली दोन दिस टिकायची न्हाई मी, म्हणाली.

तिला मोतीबिंदू झाला होता. थंडीत मी तिला मिरजेच्या दवाखान्यात पोचवलं आणि माघारी येऊन गड्यांकडून खोप पाडली. मेढी जळणात गेल्या. ती तिकडं असतानाच मी त्या जागेवर सऱ्या पाडून उसाची लागण केली.

डोळ्याला पट्टी बांधून ती गावातल्या घरी आली. दुसऱ्या डोळ्याला उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी महिनाभर बाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या पथ्यावरच पडलं. ती रोज विचारायची, "खोप शाकारली का रं?" मी म्हणायचो, झाली. एकदा तिचा विश्वास बसेना, तेव्हा गोठ्यातलं मूठभर पाचट आणून तिच्या हातात दिलं. तिनं ते चाचपलं, वास घेतला.

"लय सरस हाय. औंदा गळायचं न्हाई."

पट्टी सुटली, चष्मा आला, आणि ती एकटीच रानात गेली. बराच वेळ बांधावर उभी होती म्हणे. ऊस वीतभर वर आला होता. घरी आल्यावर ती माझ्याशी भांडली नाही. बायकोनं गोठ्याचा कोपरा दाखवला, तिथं तिनं वाकळ टाकली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. एवढं तरी करावं म्हणून मी गाडी जुंपून दारात आणली. काकी वाकळेवरून उठली नाही.

"मी माघारी आल्यावर ह्यो कोपरा असंल का?"

मी हो म्हणालो. पोरांची शपथ घेतली. आत बायको हसली.

"व्हय म्हनायला तुला कवाच जड गेलं न्हाई," काकी म्हणाली. "बैलं सोड जा."

मी बैलं सोडली. तो डोळा गेला. पण त्या दिवशी मला सुटल्यासारखंच वाटलं, कारण पाण्याची पाळी माझी होती आणि ऊस भिजवायचा राहिला होता.