मालकाला विचारून घेतलेली लोंबी

माझ्या बायकोच्या मामांइतका कमी चालणारा माणूस अख्ख्या भोईवाड्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका जास्त चालणाराही नाही. दिवाळी संपली की पुढच्या गणपतीपर्यंत मामा चाळीच्या जिन्यापलीकडे पायी जात नाहीत. नाक्यावर भाजी आणायलासुद्धा टॅक्सी. टॅक्सीवाला हसतो, पण हे मागच्या सीटवर ऐसपैस बसतात, काच खाली करतात आणि सांगतात, "पाय शरद ऋतूसाठी राखून ठेवलेत." मग एकदा गणपती पोहोचवून झाले, पावसाने हात आवरता घेतला, की हाच माणूस दर रविवारी परळहून सकाळची पहिली एसटी धरतो, पेणच्या पुढे वाटेल त्या फाट्यावर उतरतो आणि ऊन कलेपर्यंत भातशेतांच्या बांधांवरून चालतो. गड नाही, धबधबा नाही, देऊळसुद्धा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं होतं, "मामा, जायचंय कुठे?" मामा थांबून म्हणाले, "जावईबापू, जायचं असतं तर टॅक्सी नसती केली?"

या चालण्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट लागायचा. लोकांच्या शेतातून जायचं तर नीट कपड्यांत जावं, चोरासारखं नव्हे, हा त्यांचा दंडक. हातात छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. त्या दिवसांत बांधाबांधावर तेरडा फुललेला असतो, कुर्डूचे गुलाबी तुरे वर आलेले असतात, आणि भात वाऱ्याबरोबर एका अंगावर कलतं ते पुन्हा उठायला वेळ घेतं. मामांना यातल्या एकाही झाडाचं नाव येत नाही. मी घरून पुस्तक वाचून जायचो आणि नावं सांगायचो. ती त्यांना पटायची नाहीत. त्यांनी झाडांना चाळीतली माणसं वाटून टाकली होती. कुंपणावर चढून दुसऱ्याच्या आवारात डोकावणारी वेल म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकी. सगळ्यांच्या आधी पिकून मान टाकणारं भात म्हणजे मी. वाट पाठ असली तरी भेटेल त्याला ती विचारायची, हीही एक सवय. "वाट ठाऊक आहे म्हणून माणसाशी बोलायचं नाही की काय?" त्या माणसाने दाखवलेली वाट चुकीची असली तरी मामा तिनेच जायचे. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

या सगळ्या पायपिटीचं फळ दसऱ्याला मिळे. आम्हा कोकणातल्या लोकांच्या घरी दसऱ्याला दाराला नवं बांधतात: भाताच्या नव्या लोंब्या, कुर्डू, आंब्याचं पान, झेंडू. दादरच्या बाजारात ते तयार मिळतं, पण ते मामांना चालत नाही. लोंबी शेतातून, तीही मालकाला विचारून. एकदा मालक दिसेना, म्हणून आम्ही बांधावर दोन तास बसलो. शेवटी एक गुराखी म्हणाला, "काका, मालक इथं कुठं? ते मुंबईला असतात. करी रोडला." मी म्हटलं, "मामा, एक लोंबी घ्या आणि चला." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. सोमवारी ते टॅक्सीने करी रोडला गेले, पत्ता काढून टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर पोहोचले आणि एका चक्रावलेल्या गृहस्थाला म्हणाले, "तुमच्या शेतातली एक लोंबी घेऊ का?" त्या गृहस्थाने सात वर्षांत शेत पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. आमच्याबरोबर तोही होता.

गेल्या वर्षी आषाढात माझी बायको गेली. त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. मी दार लावून वाचत बसायचो, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून. मामा आले, खुर्चीच्या पाठीवरचा माझा शर्ट हुंगून धुवायला टाकला आणि म्हणाले, "सण करू नका. पण चालायला काय हरकत आहे?" त्या शरदात मी त्यांच्यामागून सगळे रविवार चाललो आणि कुणाशीही चार शब्द बोललो नाही. बोलायचं काम त्यांचं. "जावई आमचे," ते बायाबापड्यांना सांगत, "वाचणारे आहेत, यंदा जरा आतल्या आत वाचतायत."

या वर्षी मामांचे गुडघे गेले. राखून ठेवलेले पाय शरदातच संपावर गेले, याचा त्यांना फार अपमान वाटला. दसऱ्याआधीच्या रविवारी त्यांनी मला छत्री दिली. "जावईबापू, दार कधी मोकळं राहिलेलं नाही आमचं. आणि विचारून आणा." शेवटचे तीन शब्द त्यांनी दोनदा सांगितले. गेल्या सव्वा वर्षात मी वाण्याकडेसुद्धा चिठ्ठी पुढे करत होतो, हे त्यांना माहीत होतं.

एका शेतात एक बाई एकटीच हळवं, लवकर पिकणारं भात कापत होती. मी बांधावर उभा राहिलो, थोडा चाललो, परत येऊन उभा राहिलो. शेवटी तीच ओरडली, "ओ दादा, वाट चुकलाव काय?"

"नाही," मी म्हटलं. आवाज इतका खरखरीत आला की मीच दचकलो. "एक लोंबी हवी होती. नव्यासाठी. घेऊ का?"

"एवढंच व्हय? मी म्हटलं, तलाठीच आला." ती हसत विळा घेऊन जवळ आली. "किती दारं?"

मी एक म्हणणार होतो.

"दोन," मी म्हटलं.

परत आल्यावर मामांनी माझ्याकडून त्या बाईचं बोलणं शब्दन् शब्द वदवून घेतलं, तलाठ्याचं तर तीनदा, आणि दुसरी जुडी न विचारता माझ्या पिशवीत परत ठेवली. दसऱ्याला सकाळी मी माझ्या दारात स्टूल घेतलं. दरवर्षी स्टुलावर बायको चढायची आणि मी खालून स्टूल धरायचो, त्यामुळे गाठ कशी मारतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. नवं जरा डावीकडे कललं आहे. ती असती तर सोडून पुन्हा बांधलं असतं. मी तसंच ठेवलं आहे.