पाहुण्यांच्या हिरव्या सपाता

जपानी शाळेत शिरताना आधी बूट काढायचे, बाकी सगळं नंतर. दारातच लाकडी खणांचं मोठं कपाट असतं. प्रत्येकाचा त्यात एक खण, खणावर नावाची पट्टी आणि आत शाळेत घालायचे वेगळे बूट. बाहेरचे बूट खणात, आतले पायांत. मुख्याध्यापकांपासून जेवण वाढणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांना हाच नियम. ज्याला खण नाही तो पाहुणा, आणि पाहुण्यांसाठी बाजूच्या टोपलीत हिरव्या रेक्झिनच्या सपाता ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर सोनेरी अक्षरांत शाळेचं नाव, आणि माप एकच, कुणालाही न होणारं.

त्या सपाता मी तीन वर्षं घातल्या.

मी तिथे पाहुणी नव्हते. इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून शिक्षण मंडळाने मला रीतसर करारावर घेतलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून टोकियोतल्या हिगाशी-कसाईत राहायला आलो, आणि मी रोज सकाळी ट्रेनने नदी ओलांडून पलीकडच्या गावातल्या या प्राथमिक शाळेत जाऊ लागले. पहिल्या दिवशी उपमुख्याध्यापक स्वतः दारात आले, गुडघे टेकून बसले आणि ती हिरवी जोडी त्यांनी माझ्या पायांपुढे नीट मांडली. मला अगदी भरून आलं. पुण्याच्या शाळेत आमच्या मोठ्या बाईंनी मला कधी साधं 'बसा' म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "काय माणसं आहेत रे ही. एवढा मोठा माणूस माझ्या पायाशी वाकला."

"थोडे दिवस थांब," नवरा म्हणाला. तो माझ्या आधी वर्षभर जपानात राहिला होता.

पाहुणचार काही संपेना. मुलांबरोबर सगळे शिक्षक झाडू-फडकं घेऊन शाळा साफ करत, मला मात्र "आपण बसा." शिक्षकांच्या खोलीत चहाच्या पाळ्या लागत, माझी कधीच लागली नाही. मीटिंग सुरू झाली की उपमुख्याध्यापक हळूच येऊन सांगत, "आपण दमला असाल, आपण निघालात तरी चालेल." जेवताना मी चॉपस्टिक्सने भात उचलला की रोज कुणीतरी कौतुक करायचं. तीन वर्षं रोज. शाळेच्या जेवणात करी असली की उपमुख्याध्यापक आधी मला एक चमचा चाखायला लावत आणि मग लाउडस्पीकरवर सांगत, "आजची करी भारतीय शिक्षिकेला आवडली आहे." ती करी म्हणजे गोड पिठल्यात बटाटे टाकल्यासारखी होती. पण मी मान डोलवायचे, आणि सगळी शाळा निर्धास्तपणे जेवायची.

चौथीच्या वर्गाचा तर पक्का समज होता की भारतीय माणसाच्या डोक्यात जन्मतःच मोठमोठे पाढे भरलेले असतात. माझं गणित म्हणजे आनंदीआनंद. पण मुलं "सतरा गुणिले अठरा" म्हणून ओरडली की मला नाही म्हणवायचं नाही. मी छातीठोकपणे म्हणायचे, "तीनशे सोळा." टाळ्या. एकदा एका मुलीने दप्तरातून कॅल्क्युलेटर काढला. त्यावर तीनशे सहा आले. वर्गशिक्षिकांनी तिच्या हातातून तो कॅल्क्युलेटर घेतला, दोनदा झटकला आणि म्हणाल्या, "याची बॅटरी गेलेली दिसतेय."

आता यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. मलाही तेच वाटायचं. शिव्या खाण्यापेक्षा सपाता बऱ्या. दुसऱ्या वर्षी मी उपमुख्याध्यापकांना सहज म्हटलं, "मलाही एक खण मिळेल का? मी माझे बूट आणीन." त्यांनी दातांतून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. जपानात राहिलेल्या कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही: जमणार नाही. पुढच्या सोमवारी टोपलीत माझ्यासाठी नवी कोरी हिरवी जोडी होती.

मग आमची मुलगी पहिलीत गेली. तिची शाळा वेगळी, पण कपाट तसंच. पहिल्याच दिवशी तिने मला हात धरून तिचा खण दाखवला. खणावर तिचं नाव आणि नावाशेजारी सशाचं चित्र. "आई, तुझ्या खणावर कोण आहे?" तिने जपानीत विचारलं. मी म्हटलं, माझा खण नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग तू उद्यापासून जाणार नाहीस का?" सहा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी युनियनमध्ये नाव घातलं.

आमची सहायक शिक्षकांची युनियन इवलीशी. अध्यक्षा फिलिपिन्सच्या, तिथल्या शाळांमध्ये त्यांचे केस पांढरे झालेले. मंडळापुढे मांडायच्या मागण्या त्या लिहून काढत होत्या: आजारपणाची रजा, बोनस, कराराची मुदत. माझी पाळी आली. मी म्हटलं, "बुटांचा खण." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बुटांचा?"

"हो. एक खण."

"लिहिते," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यात खाली लिहिलं.

वाटाघाटींच्या आदल्या आठवड्यात आमच्या शाळेत भूकंपाची कवायत होती. ती पाहायला मंडळाचे विभागप्रमुख आले होते. करार वाढवायचा की नाही यावर शेवटची सही त्यांची असते. कवायतीचा पहिला नियम म्हणजे बोलायचं नाही. मुलं डोक्यावर जाड टोप्या घालून रांगेने जिना उतरत होती, विभागप्रमुख खाली जिन्याच्या पायथ्याशी उभे होते आणि मी वर शेवटच्या रांगेत होते. पायातली वहाण पायातच बरी, असं आमच्याकडे म्हणतात. माझी राहिली नाही. पायरीवर पाय घसरला, तो सावरायला मी दुसरा पाय झटकला, आणि हिरवी सपात उडाली. सगळ्या टोप्यांवरून ती सावकाश फिरत गेली आणि विभागप्रमुखांच्या कपाळावर बसली. चष्मा एका कानावर लोंबकळू लागला.

कुणी हूं की चूं केलं नाही. नियम म्हणजे नियम. शाळेतली सगळी मुलं गाल फुगवून, लाल होऊन, तशीच रांगेने मैदानात गेली.

मोठ्या माणसाला पाय लागला की आम्ही काय करतो ते हाताला आधी सुचतं. मी एका पायावर लंगडत खाली गेले, विभागप्रमुखांच्या कोटाला हात लावला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला. त्यांना ते काय वाटलं कोण जाणे. ते कमरेत वाकले. मीही वाकले. उपमुख्याध्यापक धावत आले, त्यांनी सपात उचलली, गुडघे टेकले आणि ती पुन्हा माझ्या पायापुढे नीट मांडली.

दोन दिवसांनी अध्यक्षाबाईंचा फोन आला. "मंडळाने एक विषय वाढवलाय," त्या म्हणाल्या. "व्यावसायिक वर्तन. तुमचं." उपमुख्याध्यापकांनाही बोलावलं होतं, आणि करार वाढवायचा की नाही हेही तिथेच ठरणार होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी पोट धरून हसला आणि मग अचानक थांबला. त्याला माझा चेहरा दिसला असावा. मला ती शाळा आवडायची. ती गाल फुगवलेली पोरं, तो खोटा पाढा, सगळंच. ते असं सपातेपायी जाणार म्हणून मला रडू येत होतं, आणि सपातेपायी रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग येत होता.

मंडळाच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला आम्ही दोघी, समोर विभागप्रमुख आणि त्यांच्या शेजारी उपमुख्याध्यापक. अध्यक्षाबाईंनी बिस्किटांचा डबा आणला होता, तो त्यांनी मधोमध ठेवला. विभागप्रमुखांच्या कपाळावर अजून फिकट डाग होता. त्यांनी घसा साफ केला.

"मी इंटरनेटवर वाचलं," ते म्हणाले, "की भारतात अधिकाऱ्यावर पादत्राण फेकणं हा निषेधाचा जुना प्रकार आहे. ही कृती युनियनने ठरवून केली होती का?"

अध्यक्षाबाईंच्या हातातलं बिस्कीट तोंडापाशीच थांबलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं. "साहेब, इंग्लंडहून आलेल्या शिक्षकाची सपात तुम्हाला लागली असती, तर तुम्ही इंटरनेटवर काय शोधलं असतं?"

विभागप्रमुख प्रामाणिक माणूस. त्यांनी खरंच विचार केला. "बर्फाची पिशवी कुठे मिळते ते," ते म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. कान लाल झाले.

आता मी गप्प बसायला हवं होतं. अध्यक्षाबाईंनी टेबलाखालून माझा गुडघा दाबलाही. पण मी पडले पुण्याची.

"तुम्ही वाचलंत ते खरं आहे," मी माझ्या मोडक्या जपानीत म्हटलं. "आमच्याकडे चप्पल फेकतात. पण फेकायची तर स्वतःची फेकतात. पाहुणचाराची कुणी फेकत नाही. आणि तुमच्या शाळेत माझी स्वतःची चप्पल ठेवायला मला जागाच नाही."

विभागप्रमुखांनी सावकाश उपमुख्याध्यापकांकडे मान वळवली.

"खण नाही?"

"या पाहुण्या आहेत," उपमुख्याध्यापक म्हणाले.

"किती वर्षं?"

"तीन."

विभागप्रमुखांनी दातांतून हवा आत ओढली. ती हवा पहिल्यांदाच माझ्या बाजूची होती.

मला वाटलं होतं आता उपमुख्याध्यापक काहीतरी नियम काढतील. त्यांनी काढला नाही. ते टेबलाकडे बघत राहिले आणि मग हळूच बोलले, "खण दिला की स्टाफ झाल्या. स्टाफ झाल्या की चूक झाल्यावर रागवावं लागतं. परदेशी माणसाला कसं रागवायचं, मला माहीत नाही. माझं काही चुकलं तर त्यांना वाटेल, भारतीय आहे म्हणून बोलतो. म्हणून मी आजवर काहीच बोललो नाही. करीही त्यांना आवडत नाही, मला माहीत होतं."

तीन वर्षं मी त्यांना मनातल्या मनात किती बोल लावले होते. आणि हा माणूस मला घाबरत होता. मला एकदम त्यांची दया आली, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

"मला रागवा," मी म्हटलं. "माझी आई रागवायची, सासूबाई रागवतात, मुलगीही रागवते. मला त्याची सवय आहे. ज्यांना कुणी रागवत नाही ते घरातले नसतात."

अध्यक्षाबाईंनी हे नीटस जपानीत पुन्हा सांगितलं आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. विभागप्रमुख म्हणाले, "विचार करू." जपानीत विचार करू म्हणजे नाही. अध्यक्षाबाईंना हे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही इथेच थांबतो, तुम्ही करा." आणि त्या खरंच थांबल्या. बिस्किटं संपत आली तेव्हा उपमुख्याध्यापकांनी कबूल केलं की कपाटात एक खण तसा रिकामा आहे. म्हणजे त्यात बॅडमिंटनची फुलं आहेत. कोणाची आहेत ते कुणालाच माहीत नाही, म्हणून कुणी हलवत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. बोनसवर झाली नाही तेवढी झाली. शेवटी फुलं क्रीडा साहित्याच्या खोलीत न्यायचं ठरलं. माझ्या वर्तनाच्या विषयापुढे विभागप्रमुखांनी 'अपघात' असं लिहिलं आणि कराराच्या कागदावर सही केली. बोनस मिळाला नाही. त्यासाठी अध्यक्षाबाई अजून भांडतायत, आणि मी त्यांच्या शेजारी बसून बिस्किटं सांभाळते.

एप्रिलच्या पहिल्या सकाळी मी माझे पांढरे बूट पिशवीत घालून शाळेत गेले. सगळ्यात खालचा खण, छत्र्यांच्या शेजारचा. पट्टीवर माझं नाव उपमुख्याध्यापकांच्या हस्ताक्षरात होतं. नाव लांब असल्यामुळे शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसवली होती. शेजारी सशाचं चित्र नव्हतं, आदल्या रात्री मुलीने मला त्याची आशा लावून ठेवली होती. मी बूट बदलले आणि शिक्षकांच्या खोलीत गेले. फळ्यावर आठवड्याच्या कामांच्या पाळ्या लावलेल्या, आणि त्यांत मी: पाहुण्यांच्या सपाता धुणे.

मागच्या नळापाशी बसून मी टोपलीतल्या सगळ्या सपाता ब्रशने घासल्या. माझी जोडी लगेच ओळखू आली. उजव्या सपातेत माझ्या अंगठ्याचा खळगा पडला होता. ती मी जरा जास्तच वेळ घासली. मग सगळ्या कट्ट्यावर उन्हात आडव्या मांडल्या आणि मागे सरून पाहत उभी राहिले.

"काय हे?" मागून आवाज आला. उपमुख्याध्यापक होते. आवाज किंचित कापत होता, पण चढा होता. "अशा आडव्या ठेवतात का? आत पाणी साचतं. भिंतीला उभ्या टेकवून ठेवायच्या, टाच खाली. तीन वर्षं इथे आहात, एवढंही पाहिलं नाहीत?"

"चुकलं," मी म्हटलं आणि वाकले.

ते तिथेच उभे राहून माझ्याकडे पाहू लागले, आपल्याला जमलं का ते बघत. मी वर पाहिलं नाही. डोळे भरून आले होते, आणि पहिल्याच दिवशी स्टाफने रडलेलं त्यांना पेललं नसतं. मी एकेक सपात उचलली आणि भिंतीला उभी केली, टाच खाली.