इसाक मिस्त्रीचं डाकोटा आणि माझा भोकाचा पैसा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक विमान बसलेलं आहे. हो, बसलेलंच. नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला टेकलेलं. मागे पत्र्याची उंच शेड, डाव्या अंगाला बाभळी, उजवीकडे तूर काढून मोकळं झालेलं रान. धुळ्याबाहेरची ही धावपट्टी, साल एकोणीसशे ब्याण्णव, दिवस माघाचे. विमानाच्या पंखाखाली शिडीवर एक वाळका, उंच माणूस उभा आहे. अंगात खाकी, कानावर पेन्सिल, पांढरी दाढी बारीक कापलेली. हा आपला नायक, इसाक मिस्त्री, राहणार पारोळा. या वगात मी नुसता पाहुणा. पण चूक माझ्या हातून झाली, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

मी लोटन. तंबूच्या तमाशात पस्तीस वर्षं सोंगाड्याचं काम केलं. चार तालुक्यांत लोक मला नाना म्हणून ओळखत.

इसाकभाऊ एकवीस वर्षं हवाईदलात होते, सगळी डाकोटा विमानांवर. निवृत्त होऊन पारोळ्याला आले आणि विहिरींवरचे पंप दुरुस्त करू लागले. विमान आता फक्त त्यांच्या बोलण्यात उरलं होतं. मग धुळ्याच्या रतिलालशेठनी एक मोडीत निघालेलं डाकोटा विकत घेतलं. त्याची जुनी इंजिनं उतरवून नवी, गरम हवेच्या झोताने पंखा फिरवणारी इंजिनं बसवायची आणि जळगावची केळी एका दिवसात दिल्लीला पोचवायची, असा त्यांचा बेत होता. नवी इंजिनं परदेशातून लाकडी पेट्यांतून आली. बंगळूरहून एक इंजिनियर साहेब आले. आणि डाकोटाची नस न् नस ओळखणारा माणूस म्हणून पारोळ्याहून इसाकभाऊ आले.

इंजिन पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी मी जरा लवकर पोचलो आणि विचारलं, "इसाकभाऊ, जुनी इंजिनं काय वाईट होती?"

"वाईट कसली, नाना? जीव लावणारी होती. पण त्यांचं पेट्रोल आता मिळतं कुठे? हे नवं रॉकेलच्या भावंडावर चालतं. वजनाला निम्मं आणि जोराला जास्त."

"मग उतरवलं जुनं, बसवलं नवं. दीड वर्षं कशाला लागलं?"

ते हसले. "कावड कधी खांद्यावर घेतली का? पुढचा हंडा हलका झाला तर काय करता?"

"तो दांडीवर आणखी पुढे सरकवतो."

"बस्स. इंजिनं हलकी झाली, म्हणून पुढे सरकवली. तरी तोल जमेना. मग पंखाच्या पुढे विमान आडवं कापलं आणि मध्ये तीन फुटांचा तुकडा जोडला."

"विमान कापलं?"

"शिंपी कापतो तसंच. आधी दहा वेळा माप, मग एकदा कात्री."

हे सांगताना त्यांचा चेहरा नातू दाखवणाऱ्या आजोबासारखा झाला होता. एक गोष्ट मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितली. "एकवीस वर्षं इंजिनं मी जुळवली, नाना, पण चालू करायला बसायचे दुसरे. आम्ही खाली उभे. शेठ म्हणालेत, या वेळी पहिलं बटण इसाकच दाबेल."

त्या दिवसाचा मुहूर्त सकाळी साडेदहाचा होता. नारळ फोडायला कोणाला बोलवायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा माझं नाव इसाकभाऊंनीच सुचवलं. तरुणपणी पारोळ्याच्या जत्रेत त्यांनी माझं काम पाहिलं होतं. मी गेलो तो फेटा बांधून, अत्तर लावून.

इसाकभाऊंनी सगळ्यांना बजावलं, "नारळ चाकापाशी फोडायचा. फुलं, कुंकू, तांदूळ, काहीही इंजिनाच्या तोंडाकडे न्यायचं नाही. जुनं इंजिन बैल होतं, ह्याचा गळा गवयाचा शे." मीही मान डोलावली. कलावंत मान डोलावतो, ऐकतोच असं नाही.

आमच्या तंबूत एक रीत होती. हंगामाच्या पहिल्या खेळाला फडाच्या सरदाराने मूठभर तांदूळ रंगमंचावर उधळायचे, आणि त्या मुठीत एक भोकाचा पैसा ठेवायचा. ज्याला तो सापडेल त्याने ढोलकीला बांधायचा. माझ्या गुरूंचा तो पैसा मी त्या दिवशी सोबत आणला होता.

फोटोवाल्यासाठी इंजिनांच्या तोंडावरची लाल झाकणं काढली होती. नारळ चाकापाशी फुटला. टाळ्या पडल्या. पन्नास माणसं समोर, आणि टाळी ऐकली की माझ्या अंगात वग संचारतो. मी गिरकी घेतली आणि मूठ वर उधळली.

तांदूळ उन्हात चमकले. आणि कुठेतरी बारीकसा आवाज झाला, टिण्.

दुसऱ्या कोणाला तो ऐकू आला नाही. इसाकभाऊ शिडीवरून उतरून माझ्याजवळ आले.

"नाना, मुठीत तांदळाशिवाय काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. पन्नास माणसं बघत होती, त्यात माझा फेटा.

ते गेले नाहीत. नुसते उभे राहिले. तिकडे शेठ घड्याळ बघत होते. इंजिनियर साहेब म्हणाले, "मिस्त्री, चढा वर, वेळ झाली." मी पुटपुटलो, "भोकाचा पैसा."

इसाकभाऊंनी डोळे मिटले आणि उघडले. मग वळून मोठ्याने म्हणाले, "शेठ, आज इंजिन चालू होणार नाही. माझ्या हातून एक वायसर आत पडलंय."

मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. पाना धरावा तसं घट्ट.

शेठ भडकले. "एकवीस वर्षं हेच केलं का तिकडे? पाहुण्यांसमोर नाक कापलं माझं!" त्या धंद्यात हत्यारं मोजून आत नेतात आणि मोजून बाहेर आणतात. वायसर आत टाकणं ही तिथे सगळ्यांत मोठी नाचक्की.

तीन तास पत्रे उघडून, आरसा आणि बॅटरी घालून इसाकभाऊंनी शोध घेतला. पैसा फिरत्या पात्यांच्या वीतभर अलीकडे अडकला होता. त्यांनी तो चिमट्याने काढून मुठीत झाकला, खिशात टाकला आणि एकेक तांदूळ वेचला. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं. बटण इंजिनियर साहेबांनी दाबलं. इसाकभाऊ खाली उभे होते, हातात आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन.

संध्याकाळी त्यांनी रुमालात बांधलेला पैसा माझ्या हातावर ठेवला.

"का केलंत असं?" मी विचारलं.

"पाव्हणा मी बोलावला होता, नाना. आणि मला इथं दहा माणसं ओळखतात. तुम्हाला बठ्ठा खान्देश."

पंधरा दिवस मला धड जेवण गेलं नाही. शेवटी मी रतिलालशेठच्या पेढीवर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शेठनी हातातली वही मिटली.

"आज का सांगता, नाना?"

"शेठ, सोंगाड्याला हसं करून घ्यायची सवय असते. खरं बोलायची नसते. शिकायला पंधरा दिवस लागले."

शेठनी लगेच मोटार काढायला लावली. धावपट्टीवर इसाकभाऊंसमोर हात जोडले, आणि साहेबांना सांगितलं, दिल्लीला निघायच्या दिवशी दोन्ही इंजिनं मिस्त्रीच चालू करतील आणि विमानातून जातीलही.

तो दिवस उजाडला. विमानाच्या पुढच्या काचेत इसाकभाऊंची दाढी दिसत होती. शेजारची खिडकी सरकवून त्यांनी डोकं बाहेर काढलं. मी खाली, चांगला पन्नास पावलं दूर. मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, अगदी तंबूत दाखवायचो तसे. माणसं खो-खो हसली. इसाकभाऊ हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

ते दिल्लीलाच राहिले. दोन वर्षांनी तिथेच वारले, विमान सांभाळता सांभाळता. आमची पुन्हा भेट झाली नाही. आयुष्यात मला टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण सगळ्यांत मोठी पावती मला त्या खिडकीतून मिळाली. खिडकी बंद करायच्या आधी ते ओरडून म्हणाले होते,

"पन मूठ झकास उधळी व्हती तुम्ही, नाना!"