टाकीमामांचं गप्प मिनिट

गावाला पाणी सोडायचं काम म्हणून त्यांना सगळे टाकीमामा म्हणत. पण मामांचा खरा हुद्दा न्यायाधीशाचा. टीव्हीवर माहितीपट लागला की खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे आणि नुसते चेहरे बघून निकाल द्यायचे. दुधातल्या भेसळीवरच्या माहितीपटात एकदा त्यांचा सख्खा मेहुणाच दिसला, डेअरीवाला. प्रश्न आला, "तुमच्याकडे भेसळ होते का?" आणि मेहुणा आपला खाली बघत बसलेला. मामा गरजले, "बघ तुझा भाऊ! मनात काही नसतं तर बोलला नसता?" त्या दिवसापासून मामींचं माहेर बंद.

पुढे काही वर्षांनी गढूळ पाण्यावर माहितीपट काढायला एक बाई आल्या. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पंपघरात बसले. पाइप कुठे फुटलाय, वर कितीदा कळवलं, सगळं घडाघडा सांगितलं. शेवटी आवाज टिपणारा म्हणाला, "मामा, आता मिनिटभर कुणी बोलायचं नाही. खोलीची नुसती शांतता लागते आम्हाला, तुकडे जोडताना मध्ये भरायला." मामा शहाण्या मुलासारखे गप्प बसले. उकडत होतं. घाम पुसला, चपलेकडे बघितलं. कॅमेरा चालूच होता.

सभागृहात माहितीपट दाखवला तेव्हा मामी शेजारीच होत्या. पडद्यावर बाईंचा आवाज आला, "पाणी खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं?" मागे रडकं व्हायोलिन. आणि मामा घाम पुसतायत, खाली बघतायत. मागच्या रांगेत कुणीतरी "च्च" केलं. घडाघडा सांगितलेलं सगळं कात्रीत गेलं होतं.

बाईंना फोन लावला तर म्हणाल्या, "अहो मामा, पाइप बदलतायत ना? मग झालं तर!" आणि बदलले खरंच. पाणी स्वच्छ झालं, मामा तेवढे गढूळ राहिले.

मामी एवढंच म्हणाल्या, "दादाही अस्साच बसला होता."

दुसऱ्या दिवशी दोघं मेहुण्याकडे गेले. डेअरीला कधीचंच कुलूप लागलेलं. मामा चाचरत म्हणाले, "तुम्हालाही... गप्प बसायला सांगितलं होतं का?"

"तेच सांगायला आलो होतो तुमच्या दारात," मेहुणा म्हणाला. "तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

मामांना पुष्कळ बोलायचं होतं. तेवढ्यात मेहुण्याची बायको आतून आली आणि मामींना, त्यांच्याच माहेरच्या घरात, पाहुण्यांना विचारावं तसं विचारू लागली, "वन्सं, चहात साखर किती घालू तुम्हाला?"

मामा फरशीकडे बघत बसले.