मस्कतची फ्रेम

मला उणे नऊ नंबर आहे, दोन्ही डोळ्यांना. हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात ही गोष्ट चारचौघांत काढायची नाही असा दंडक होता, आणि झाकून ठेवलेलं उघडं करायची मला लहानपणापासून खोड.

पाचवीत चष्मा लागला. फळा दिसेना म्हणून बाईंनी पहिल्या बाकावर बसवलं. तिथूनही दिसेना, तेव्हा बाबा मला मेनरोडवरच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, दुकानदार त्यांच्या ओळखीचे, त्यामुळे पुढचे माझे सगळे चष्मे त्याच दुकानातून आले. आता या खरेदीतली गंमत ज्यांना चष्मा नाही त्यांना कळायची नाही. नवी फ्रेम लावून बघायची तर जुना चष्मा काढावा लागतो. नव्या फ्रेमला नंबरची काच नसते. मग आरशात दिसणार काय? डोंबल! समोर एक गव्हाळ ढग आणि त्यावर काळी रेघ. नाक आरशाला टेकवलं की एक डोळा दिसतो, पण एका डोळ्यावरून फ्रेम कशी ठरवायची?

म्हणून फ्रेम बाबा ठरवायचे. दुकानदार माझ्या नाकावर एकेक फ्रेम चढवायचे, बाबा मागे सरकून मान वाकडी करून बघायचे. एकदा तर बाकावर वाट बघत बसलेल्या एका अनोळखी आजोबांनीही मत दिलं, "काळी घ्या, मळत नाही." काळी घेतली. आठवड्याने चष्मा तयार होऊन आला, तो मी लावला, आणि आपण कशा दिसतो हे मला सगळ्या मेनरोडनंतर कळलं. वाईट वाटलं, पण तक्रार कुणाकडे करणार? सगळे म्हणत होते, शोभतो.

मोठी झाले, शाळेत शिक्षिका म्हणून लागले, आणि घरात माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. तेव्हा चष्म्याने खरा रंग दाखवला. बघायला येणाऱ्यांसमोर मुलीने चष्मा लावायचा नाही, असं तेव्हा घरोघरी होतं. स्टुडिओतला फोटोसुद्धा चष्मा काढून. मी "इकडे बघा, इकडे" म्हणणाऱ्या फोटोग्राफरच्या आवाजाच्या दिशेने हसायचे. आई म्हणायची, "तेवढा अर्धा तास काढून ठेव, जीव जात नाही. लग्न झाल्यावर लाव हवा तेवढा." मी म्हणायचे, "आणि मला मुलगा कसा दिसणार?" आई म्हणायची, "तुला काय करायचंय बघून? बाबा बघतायत ना!"

एका कार्यक्रमात तर कहरच झाला. आई कानात सांगून गेली की मुलगा खिडकीशी बसलाय. मी पोह्यांच्या बशा भिंतीच्या आधाराने नेल्या, खाली मान घालून बसले. सगळ्यांना वाटलं, काय लाजरी मुलगी आहे! खिडकीशी एक पांढरा शर्ट होता. त्याने विचारलं, "वाचनाची आवड आहे का?" आवाज शांत, समजूतदार. मी काय वाचते ते सांगितलं, त्याने पुढे अजून दोन गोष्टी विचारल्या, मला बरं वाटलं. मंडळी गेल्यावर आईने विचारलं, तर मी चक्क होकार दिला. "मला आवडले. बोलतात छान." बाबा म्हणाले, "पण मुलगा तर एक शब्द बोलला नाही." झालं! ऊन लागतं म्हणून त्यांनी जागा बदलल्या होत्या. मी होकार दिला होता मुलाच्या मेव्हण्याला, दोन पोरांच्या बापाला.

घरात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसले. मग मागच्या अंगणात जाऊन बसले, तेव्हा लक्षात आलं. आवाजावर भुलून मी कुणाच्याही घरात जाऊन पडले असते, आणि चष्मा लावून पहिल्यांदा नवरा बघितला असता तो लग्नानंतर. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला."

त्याच वर्षी ताईला मस्कतला मुलगी झाली. भाऊजी तिथे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं, आमच्या आळीतून परदेशात गेलेली ताई पहिलीच. तिच्या सासूबाई दोन महिने राहून परतल्या, आईने विमानात पाय ठेवायला साफ नकार दिला, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी गेले. सगळा दिवस दुपटी आणि बाटल्या. संध्याकाळी ऊन उतरलं की भाऊजी आम्हाला रुवीच्या बाजारात फिरवून आणायचे.

तिथे मला ते दुकान दिसलं. नुसती चष्म्यांची भिंत, खालपासून वरपर्यंत, आणि प्रत्येक फ्रेमवर दिव्याचा उजेड. आमच्याकडे काळी आणि तपकिरी असे दोनच धर्म होते. इथे मधासारखी, वांगी रंगाची, वरून निळी आणि खाली पारदर्शक, मांजरीच्या डोळ्यांसारखी टोकं वर गेलेली. एक ओमानी बाई एकामागून एक फ्रेमा लावून आरशात बघत होती आणि तिचा नवरा कडेला पोर घेऊन उभा होता. त्याला कुणी मत विचारत नव्हतं. मी ते बघतच राहिले.

"घ्यायचीय का?" ताईने विचारलं.

"आधी बघायचीय," मी म्हटलं. बघायला काय जातंय?

काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. तिने माझा चष्मा हातात घेतला, काचेची जाडी बघितली, आणि इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे तुम्हाला फ्रेम लावल्यावर आरशात काहीच दिसत नसणार." अहो, मी थक्कच झाले! इतक्या वर्षांत हे मला न सांगता कुणाला कळलं नव्हतं. तिने खालच्या खणातून कॅमेरा काढला, तो लगेच फोटो बाहेर टाकणारा. जास्त नंबरच्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्याकडे तशी सोयच होती. एकेक फ्रेम लावायची, ती फोटो काढणार, आणि मग मी माझा जुना चष्मा चढवून ते फोटो शांतपणे बघायचे.

फोटो आधी राखाडी असतो, मग हळूहळू त्यातून माणूस वर येतं. काउंटरवर माझे पाच चेहरे ओळीने वर येत होते आणि मी वाकून बघत होते. बाहेर भाऊजी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते, मला त्याची शुद्ध नव्हती. निळीमध्ये मी आजारी दिसत होते. सोनेरी तारेच्या फ्रेममध्ये थेट आमच्या मुख्याध्यापिका. मांजरडोळ्यांत माझं मलाच हसू फुटलं. आणि एक होती डाळिंबी रंगाची, चांगली ठसठशीत. त्या फोटोतल्या बाईकडे मी बराच वेळ बघितलं. ती कुणाला घाबरेल असं वाटत नव्हतं.

"अगं बाई, ही नको," ताई म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड. ती बिनकाठाची घे, नाजूक. लावली तरी कळायचं नाही."

"कळू दे की."

"बघायला येणाऱ्यांना भडक वाटेल."

"त्यांच्यासमोर चष्मा काढायचाच असतो ना? मग त्यांना काय करायचंय भडक आहे का काय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि बोलता बोलताच मनाशी ठरलं की यापुढे काढायचा नाही.

त्या फिलिपिनो मुलीने मात्र सरळ सांगितलं, फ्रेम मोठी आहे, नंबर मोठा आहे, काचेची कड बाहेरून जाड दिसणार. काच प्लास्टिकची घेतली तर वजन कमी होईल, जाडी नाही. मी म्हटलं, दिसू दे. माझे डोळे तसे आहेत.

नाशिकला परतताना मुंबईच्या एअरपोर्टवर न्यायला आलेल्या बाबांनी आधी मला ओळखलं नाही, मग बघून म्हणाले, "जरा रागीट दिसतेस." मला फार आवडलं ते. आईचं लक्ष ताईने पाठवलेल्या टू-इन-वनकडे, रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या, होतं, तो तिने बैठकीच्या खोलीत, विणलेलं झाकण घालून, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

महिनाभरात लासलगावच्या मावशी एक स्थळ घेऊन आल्या. या आईच्या मावसबहीण, आणि लग्नं जुळवण्यात त्यांचा हातखंडा. मुलाच्या घरचा कांद्याचा व्यापार, तो मात्र नाशिकात बँकेत. सगळं चांगलं. कार्यक्रमाच्या दिवशी आईने हात पुढे केला, "आण तो चष्मा." मी म्हटलं, "नाही." तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर वर धरला. पाहुणे दारात आले होते, म्हणून निभावलं.

बशा घेऊन बाहेर आले, तर पहिल्यांदाच मला माणसं दिसली. मुलाचे वडील, आत्या, आणि मुलगा. गोरा, नीट भांग पाडलेला. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "लय जाड काच हाय गं. काढ बरं जरा, डोळे बघू दे." लिलावात पोतं फोडून मूठभर कांदा हातात घेतात, तशा सुरात.

मी बशी त्यांच्यापुढे ठेवली. "काढते की. पण काढला तर मला हे दिसणार नाहीत, आणि बघायला तर दोघांनी बसायचं असतं ना?"

आईने पदर तोंडाला लावला. आत्याबाई मात्र खो खो हसल्या. "फटकळ हाय, पण खरं बोलती!"

मग मुलगा बोलला. आवाज मोठा गोड. शाळा कुठली, शिकवते काय, सगळं हळुवारपणे विचारलं. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी हो म्हणून मोकळी झाले असते. पण मी बघत होते. प्रश्न मला होते आणि नजर टू-इन-वनवर. मी उत्तर देत असताना तो विणलेल्या झाकणाच्या खालून कंपनीचं नाव वाचायचा प्रयत्न करत होता. मग माझ्या फ्रेमकडे बघून म्हणाला, "तिकडची का? तुमचे मस्कतचे मेव्हणे वर्षातून कितीदा येतात?" तासाभरात त्याने एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी निरोप घेऊन आल्या. मुलगी पसंत, चष्म्यासकट पसंत! आईने देवापुढे दिवा लावला आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. मी साखर तशीच मुठीत धरून म्हटलं, "मला नाही करायचं."

काय झालं असेल ते सांगायला नको. आधीच वय वाढत चाललेलं, नंबर हा असा, आणि चालत आलेल्या लक्ष्मीला लाथ मारतेय! आई बोलत होती ते भीतीपोटी, हे मला तेव्हाही कळत होतं. मावशी शेवटी म्हणाल्या, "बरं, त्यांना तोंड कसं दाखवू मी? पत्रिका जमत नाही म्हणून सांगते."

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "नीट बघितलंस?"

"हो."

ते मावशींकडे वळले. "पत्रिकेला कशाला मध्ये घालता? सांगा की, मुलीने मुलगा बघितला आणि तिला पसंत पडला नाही." असा निरोप आमच्याकडून आजवर कुणाला गेला नव्हता.

मावशी चहा न घेताच उठल्या. बाबा चपला घालून त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. वाटेत मावशींनी पुन्हा पत्रिकेचं निमित्त काढू नये म्हणून गेले, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. आई स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून बसली. मी मूठ उघडली, तर साखर ओली होऊन तळव्याला चिकटली होती. ती मी चाटून खाल्ली आणि ओक्साबोक्शी रडले.