पंधरावा विद्यार्थी

आमची ही विद्यापीठात इटालियन शिकवते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आदराने बघतात आणि मग आमच्या घराकडे. घर बघून झालं की त्यांच्या तोंडावर जो प्रश्न येतो तो मला पाठ आहे. प्राध्यापकीणबाई म्हणजे पगार दणदणीत असणार, मग सोफ्याची ही दशा का? वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने तर सरळच विचारलं होतं, "अहो, एवढा पैसा ठेवता तरी कुठे?" मी म्हटलं, "विद्यापीठातच असतो. तिथून बाहेर येतच नाही." त्याला तो विनोद वाटला आणि तो बराच वेळ हसत राहिला.

परदेशी भाषा विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. तीन टेबलं आणि एक कपाट, ज्याचं दार पायाने रेटल्याशिवाय लागत नाही. खिडकीजवळचं टेबल विभागप्रमुखांचं. ते जर्मनचे, आणि कायम नोकरीतले. म्हणजे दर वर्षी वाढ, पीएचडीची वेगळी वाढ, सुट्टीचा पगार, ताप आला तरी पगार आणि शेवटी पेन्शन. मधलं टेबल जपानी शिकवणाऱ्या मुलीचं. ती हिच्यासारखीच तासावर, पण तिला बाहेर मागणी आहे. कंपन्या गाडी पाठवून तिला घेऊन जातात. प्रमुखांपेक्षाही तिची कमाई जास्त आहे म्हणतात, आणि ते प्रमुखांना रुचत नाही. दाराजवळचं टेबल हिचं. दार उघडलं की वारा आणि माणसं दोन्ही आधी हिच्यावर येतात.

हिचा हिशेब सोपा. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर खाडा. संप झाला, मुलं सहलीला गेली, सभागृहात कोणाचं भाषण ठेवलं, की हिचा तास बुडाला आणि पैसेही. पेपर काढणं, तपासणं, घरी बसून तयारी करणं, हे काम हिशेबात धरत नाहीत. मोठ्या सुट्टीत घरात एकच पगार यायचा, माझा. आणि सत्राचं बिल मंजूर व्हायचं ते पुढचं सत्र अर्धं झाल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते मी दर वर्षी दोनदा बघितलंय.

कायम का केलं नाही, ही वेगळीच रडकथा. पहिल्यांदा जागा निघाली तेव्हा म्हणाले, पीएचडी हवी. हिने तास, घर आणि माझ्या आईचं आजारपण सांभाळून ती केली. त्यात सात वर्षं गेली, आणि तोवर ती जागा जर्मनकडे वळवली होती. पुन्हा निघाली तेव्हा हिचं वय बसेना. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात मोजायला लागले. शिवाय भाषाच चुकली, असं माझं मत. जर्मन शिकलं की नोकरी मिळते, जपानी शिकलं की पगार मिळतो, फ्रेंच शिकलं की निदान रुबाब तरी करता येतो. इटालियन शिकून काय मिळतं, हे हिलाही धड सांगता येत नाही. "गोड आहे हो भाषा," एवढंच म्हणते.

मी वीज कंपनीत मीटर वाचायचो. मला भाषांशी काय देणंघेणं? पण मी निवृत्त झालो त्याच वर्षी विद्यापीठाने नियम काढला, की पहिल्या पातळीच्या वर्गात पंधरा जणांनी फी भरली तरच वर्ग चालेल. हिच्याकडे चौदा झाले. पंधराव्यासाठी ही आठवडाभर फोन करत होती. जुने विद्यार्थी, मैत्रिणी, एकदा तर दंतवैद्याला सुद्धा विचारलं. शेवटच्या दिवशी मी जाऊन फी भरून आलो. हिला सांगितलं नाही. सकाळी वर्गात शेवटच्या बाकावर मला बघून ही दारातच थबकली. मग टेबलाशी जाऊन हजेरी घ्यायला लागली आणि माझा आकडा आला तेव्हा मी "हजर, मॅडम" म्हणालो. घरी आल्यावर म्हणाली, "वर्गात पेंगायचं नाही हं." बस, एवढंच बोलणं झालं त्याच्यावर.

ही लग्नाआधीचंच आडनाव लावते, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा एक कमी पडला. आता पास झालेल्याला पुन्हा त्याच वर्गात बसता येत नाही, म्हणून मी नापास व्हायला लागलो. लेखी पेपरात नाव घालायचं आणि उठायचं, तोंडीला तर जायचंच नाही. असं सात वर्षं. हीच माझा पेपर तपासायची आणि चांगलं मोठं शून्य द्यायची. मुलं मला 'पर्मनंट' म्हणायची. सगळ्या विभागात तासावरच्या माणसांची गर्दी, आणि कायम झालं कोण, तर मी! हिला ते नाव कळलं तेव्हा ही हसली नाही.

फी जायची माझ्या पेन्शनमधून आणि हिच्या तासांचे पैसे यायचे. वजाबाकी केली तर हातात फार काही राहत नव्हतं, पण राहत होतं. भाडं निघायचं. आणि खरं सांगू, मला वाटायचं हिला शिकवायचंय, तर शिकवू दे. संध्याकाळी परत आली की ही चप्पल काढून तिथेच भिंतीला टेकून उभी राहायची, दोन-तीन मिनिटं, डोळे मिटून. मी चहा टाकायचो. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

यंदा परिपत्रक आलं. तासावरच्या ज्या शिक्षकाच्या भाषेच्या दोन्ही पातळ्या चालतील त्याला दरमहा ठरलेला पगार, बारा महिने, सुट्टी धरून. ही ते वाचून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, सुट्टी धरून." मग पुन्हा एकदा तेच म्हणाली. दुसरी पातळी चालायला पहिलीतून दहा जण पास व्हायला हवे होते. हिने पोरांची चाचपणी केली. मध्येच सोडून गेलेले आणि दांड्या मारणारे वगळून नऊ जणांची खात्री होती.

"दहावा मी," मी म्हटलं.

"त्या दहांत शिक्षकाचे नातेवाईक मोजायचे नाहीत असं खाली लिहिलंय."

"कोणाला ठाऊक आहे मी नातेवाईक आहे ते? आपण वर्गात नवरा-बायकोसारखे वागलोय का कधी?"

"घरात तरी कुठे वागतो," ही म्हणाली आणि उठून गेली.

ही सरळ बाई आहे. विद्यापीठाचा खडूसुद्धा घरी आणणार नाही. मला वाटलं विषय संपला. पण दोन दिवसांनी हिने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "बसा या वेळी परीक्षेला," म्हणाली. "पण मी घरी शिकवणार नाही. आणि लेखी पेपर मी नेहमीसारखाच तपासणार." मी हिच्या तोंडाकडे बघितलं. हिने मान वर केली नाही.

अभ्यासाचं मला फारसं भय नव्हतं. आठ वर्षं एकच पुस्तक ऐकलं तर भिंतीलाही पाठ होतं. लेखी पेपर बरा गेला. तोंडीला बाहेरच्या परीक्षक येणार होत्या, दुसऱ्या विद्यापीठातल्या, कायम नोकरीतल्या, आणि नेमक्या त्याच पगाराच्या समितीवरही होत्या. तोंडीत एकच प्रश्न घोळवून विचारतात, असं मुलांनी सांगितलं होतं: ही भाषा का शिकता? मी उत्तर घोटून ठेवलं. मला प्रवास आवडतो. मला चित्रं आवडतात. मी म्हातारा आहे, मला वेळ आहे.

मी आत गेलो. परीक्षक बाई समोर, ही बाजूला. वर्गाच्या शिक्षिकेने तिथे नुसतं बसायचं, तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. मी मॅडमना नमस्कार केला, दोघींनाही. परीक्षक बाईंनी इटालियनमध्ये विचारलं, घरी कोण कोण असतं? हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. पण तो मला कळला! आठ वर्षांत पहिल्यांदा एका परक्या माणसाने त्या भाषेत मला काही विचारलं आणि ते सरळ डोक्यात शिरलं. मला इतका आनंद झाला की मी उत्तर देऊन बसलो. घरी मी आणि बायको.

बायको काय करते?

शिकवते, मी म्हटलं. तिसऱ्या पाठातलं वाक्य होतं, मला येत होतं.

काय शिकवते?

इटालियन.

कुठे?

इथे, मी म्हटलं. या खोलीत. आणि हाताने दाखवलंसुद्धा.

तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. हात तिकडे गेला तेव्हा मला हिचा चेहरा दिसला आणि मग सगळं लक्षात आलं. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. त्या हळू, सुटंसुटं बोलत होत्या, मला कळावं म्हणून. तुम्ही या वर्गात का येता?

गाढवपणा तर होऊन गेला होता. आता प्रवास आणि चित्रं सांगण्यात काय अर्थ होता? मला जेवढे शब्द येत होते तेवढ्यात सांगितलं. वर्ग पंधरा. चौदा आहेत. मी पंधरा. माझी बायको चांगली. सकाळी काम, दुपारी काम, घरी काम. पगार लहान. सुट्टी मोठी, सुट्टीत पगार नाही. बायको संध्याकाळी येते, भिंतीजवळ उभी राहते, डोळे बंद. मी बघतो. बायको दमली आहे. खूप वर्षं दमली आहे. मला हे आवडत नाही.

शेवटचं वाक्य खरं म्हणजे भाजीबद्दलच्या पाठातलं होतं, पण मला दुसरं येत नव्हतं. ही खिडकीकडे बघत होती. परीक्षक बाईंनी गुण मांडले आणि मग मराठीत म्हणाल्या, "मी इथे फक्त भाषा तपासायला आले आहे. उत्तरं बरोबर आहेत." मी बाहेर आलो.

त्या बाईंनी डोळेझाक केली होती, हे स्पष्ट होतं. पण हिने दुपारीच विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं की दुसऱ्या पातळीसाठी नऊच आहेत, दहावा माझा नवरा आहे. प्रमुख म्हणाले, "मॅडम, वाईट वाटतं. पुढच्या वर्षी बघू." त्यांना खरंच वाईट वाटलं असेल. दिव्याच्या खांबाला सुद्धा वाईट वाटेल, पण म्हणून तो जागचा हलतो थोडाच!

हे हिने मला घरी आल्यावर सांगितलं, चप्पल काढताना. मी म्हटलं, "त्या बाई काही बोलणार नव्हत्या. तू कशाला गेलीस?"

"कोणाला कळलं नसतं तर मी गप्प बसले असते," ही म्हणाली. "खरंच बसले असते. मला इतका हवा होता तो पगार. पण त्यांनी दया दाखवल्यावर नाही जमलं."

मी चहा टाकला. माझ्या एका हात दाखवण्याने हिचा बारा महिन्यांचा पगार गेला होता, आणि ही मला शिव्या द्यायच्या ऐवजी टेबलाशी गप्प बसली होती. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "बोल ना काहीतरी. अक्कल नाही म्हण."

"लेखीचा पेपर तपासला तुमचा," ही म्हणाली. "चांगला लिहिलाय. पास झालात तुम्ही." मग चहाचा कप जवळ ओढत, "मी दमते हे तुम्हाला दिसत होतं, तर घरात कधी म्हणाला का नाहीत?"

"घरात कोणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

हिने कप बाजूला सरकवला. हिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता. "मग आता मी विचारते. मी सोडून दिलं तर भागेल का आपलं?"

सकाळी परक्या भाषेत परक्या बाईला मी सगळं खरं सांगितलं होतं. आता माझ्याच भाषेत, माझ्याच बायकोने, माझ्याच स्वयंपाकघरात विचारलं, आणि मला माझी पेन्शन दिसली, घरभाडं दिसलं, हिच्या गुडघ्याची औषधं दिसली. मी म्हटलं, "भागेल की. न भागायला काय झालं?"

ही माझ्याकडे बघत राहिली. शून्य देताना बघायची तसंच.

"नाही भागणार," ही म्हणाली. पदराने तोंड पुसलं, चष्मा लावला, आणि फोन पुढ्यात ओढला. पहिल्या पातळीच्या नव्या वर्गात पुन्हा चौदाच झाले होते, फी भरायची मुदत आठवड्याने संपत होती, आणि पास झालेल्या माणसाला पुन्हा त्या बाकावर बसता येत नाही.

"तुमच्या धाकट्या भावाला सकाळी वेळ असतो का हो?" हिने विचारलं.